रॉक्सी बेद्रोसियनचे अकरा आठवडे

रॉक्सीचं खरं नाव आराक्सी. फ्रेस्नोच्या दक्षिणेला फाउलरजवळ तिच्या वडिलांचा बेदाण्याचा मळा होता. त्या घरात तिची आजी आणि तिचा हाकोबकाका रोज एकाच टेबलावर जेवत आणि एकमेकांशी नऊ वर्षं एक शब्द बोलले नव्हते. भांडण लागलं होतं ते द्राक्षं वाळत घालायच्या कागदावरून. कागद पाऊस येण्याआधी गुंडाळायचे की नंतर, असं काहीतरी. पुढे कारण सगळेच विसरले, अबोला तेवढा राहिला.

"आराक्सी, काकाला सांग, भात निवतोय."

"आराक्सी, आजीला सांग, मला डोळे आहेत."

दोघांच्या मधे दीड हाताचं अंतर. सात वर्षांची आराक्सी मधल्या खुर्चीवर बसून इकडचं तिकडे पोचवायची, आणि पोचवताना शब्दांच्या कडा जरा घासून गुळगुळीत करायची. 'डोळे आहेत'चं 'हो, घेतो' व्हायचं. ती खूप शहाणी मुलगी आहे असं सगळे म्हणत. आपण शहाण्या नव्हतो, आपल्याला भीती वाटायची, हे तिला चाळिशीत कळलं.

तोवर ती एका शाळेच्या कचेरीत कारकून होती. घटस्फोट घेणारे आईबाप तिच्या काउंटरपाशी येऊन भांडत, मूल बाकावर बसून बुटांचे बंद सोडत-बांधत असे. अठरा वर्षं हे पाहिल्यावर तिने नवऱ्याला, वहानला, सांगितलं, "मला कॉलेजात जायचंय. हे मिटवतात कसं ते शिकायचंय." वहान गाड्यांच्या काचा बसवायचा. तो म्हणाला, "जा की. मिटवायला शिकलीस तर आधी आपल्या घरापासून सुरुवात कर." त्यांच्या घरात मिटवण्यासारखं काही नव्हतं. तो विनोद होता.

कौटुंबिक समुपदेशकाची पदवी मिळाली की लायसन्स मिळतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पदवीनंतर तीन हजार तास कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली काम करावं लागतं. कुटुंबं तुम्ही पाहायची, आणि दर आठवड्याला सुपरव्हायझरसमोर बसून काय केलंत, का केलंत, कुठे फसलात ते सांगायचं. त्याची सही झाली तरच ते तास राज्याच्या मंडळाकडे धरले जातात. आणि तास सहा वर्षांच्या आतले लागतात, त्याहून जुने गळून पडतात.

रॉक्सी ज्यांच्या हाताखाली शिकली ते लेलँड फॉस नावाचे उंच, कमी बोलणारे गृहस्थ. ते आतल्यांना पलीकडचं दिसत नाही अशा एकतर्फी काचेमागे बसून तिला पाहत आणि आतल्या फोनवर बोलत. पहिल्याच कुटुंबाच्या वेळी फोन वाजला. "तू सगळ्यांना बरं वाटावं म्हणून धडपडतेयस. ते तुझं काम नाही." एवढं बोलून फोन ठेवला. त्या दिवशी ती गाडीत बसून रडली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. एकोणपन्नासाव्या वर्षी तिला लायसन्स मिळालं. साठीला पोचेपर्यंत सायप्रस स्ट्रीटवरच्या छोट्या क्लिनिकमध्ये नव्या समुपदेशकांना तयार करणं हेच तिचं मुख्य काम झालं होतं. तिच्या सहीने चौदा जण लायसन्सपर्यंत पोचले. दोघांना तिने सही नाकारली. त्यातल्या एकाने पुढे जमिनीच्या दलालीत चांगलं नाव काढलं. तो नाताळला तिला अजून कार्ड पाठवतो.

गाओनू मुआ तिच्याकडे आली तेव्हा पस्तिशीची होती. आग्नेय आशियातल्या डोंगरांतून आलेल्या ह्मोंग समाजातली, दोन मुलांची आई. आधीची दहा वर्षं ती इस्पितळात दुभाषी होती. म्हाताऱ्या ह्मोंग बायकांचं दुखणं डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचं आणि डॉक्टरांचं म्हणणं त्यांना त्यांच्या भाषेत. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून ती 'मिस रॉक्सी' म्हणायची. कामाला चोख, नोंदी स्वच्छ, वेळेच्या आधी पाच मिनिटं हजर. रॉक्सीला असल्या चोख माणसांची थोडी काळजीच वाटायची.

सहा महिन्यांनी अव्हिला कुटुंब आलं. डेअरीवाले पोर्तुगीज लोक. पंधरा वर्षांची सेलेस्ट चार महिने बापाशी बोलत नव्हती. रॉक्सी काचेमागे बसली होती. आत बाप म्हणायचा, "तिला विचारा, शाळेत का जात नाही." गाओनू पोरीकडे वळून म्हणायची, "बाबांना तुझी काळजी वाटते." पोरगी म्हणायची, "त्यांना सांगा, त्यांना याच्याशी काय घेणंदेणं." गाओनू बापाला सांगायची, "तिला थोडा वेळ हवाय."

रॉक्सीने फोन उचलला. "गाओनू, खुर्ची उचल आणि भिंतीला लाव."

"सॉरी?"

"तू मधे बसलीयस. तिथून उठ. आणि मी सांगेपर्यंत काही बोलू नकोस."

गाओनूने खुर्ची भिंतीला लावली. बाप आणि मुलगी समोरासमोर उरले. एक मिनिट गेलं, दोन गेली. गाओनूचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकले होते. चौथ्या मिनिटाला जाडजूड अव्हिला टोपी हातात फिरवत मुलीला म्हणाला, "ब्रुनोला मी टुलेअरला कुणाला दिलं नाही. तो माझ्या ट्रकखाली आला. तुला सांगवेना मला."

ब्रुनो म्हणजे तिचा कुत्रा. बापाने आपल्याला न विचारता तो देऊन टाकला म्हणून पोरीने अबोला धरला होता. आता ती रडली, मग बापावर ओरडली, मग विचारलं, कुठे पुरलास. घरी परतताना दोघं एकमेकांशी बोलत गेले. चांगलं बोलत होते असं नाही, पण बोलत होते.

नंतरच्या बैठकीत गाओनूने नोंदवही उघडली आणि पुन्हा मिटली. मग म्हणाली, "मिस रॉक्सी, मी दहा वर्षं हेच करत आलेय. डॉक्टर कडू बोलले की मी गोड करून सांगायची."

"माहीत आहे," रॉक्सी म्हणाली. "मीपण तेच करायची. जेवणाच्या टेबलावर. मला पगार नव्हता एवढाच फरक."

गाओनू हसली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. बुधवारची बैठक तासाची असायची, पण नंतर दहा मिनिटं घरच्या गोष्टी निघायच्या. गाओनूच्या सासूबाईंना सुनेचं काम मुळीच पटत नव्हतं. "नवरा-बायकोचं भांडण कुळातले वडीलधारे मिटवतात," त्या म्हणायच्या. "तू कोण? आणि परक्या लोकांचं भांडण मिटवायला इतके तास लागतात? तुझे सासरे तर एका दुपारीत मिटवायचे."

"मिटायचं का?" रॉक्सीने विचारलं.

"बायको गप्प बसायची," गाओनू म्हणाली.

तीन वर्षांनी, मार्चमध्ये, वहानला दुकानातच झटका आला. काच हातात होती, ती त्याने नीट खाली ठेवली आणि मग बसला, असं दुकानातला माणूस म्हणाला. सहा दिवसांनी तो गेला. चर्चमध्ये प्रार्थना झाली, त्यांच्या रीतीप्रमाणे चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. रॉक्सी मात्र पंधराव्या दिवशीच कामावर आली होती. घरात बसवत नव्हतं. येणारं टपाल ती एका खोक्यात टाकायची आणि खोकं कपाटात ढकलायची. लोक म्हणाले, किती खंबीर बाई आहे. क्लिनिकची संचालक डेनीस प्रुइट तिची जुनी मैत्रीण. तीही तेच म्हणाली. जूनमध्ये एका रविवारी रॉक्सीने खोकं उघडलं. त्यात तिच्या लायसन्सच्या नूतनीकरणाचं पत्र होतं. तिने तिथेच संगणकावर बसून ते काम उरकलं आणि पुढचं पत्र उघडलं.

त्यानंतर दोन वर्षं सरळ गेली. गाओनूचे तीन हजार तास भरत आले. मधे तिसऱ्या मुलाच्या, धाकट्याच्या, बाळंतपणात दीड वर्ष गेल्यामुळे तिचे सुरुवातीचे तास सहा वर्षांच्या काठावर आले होते, पण ऑगस्टमध्ये अर्ज गेला असता तर सगळे बसत होते. सासूबाईंनी तोवर पवित्रा बदलला होता. सुनेला राज्य सरकारचा कागद मिळणार हे त्यांनी नातेवाइकांत सांगून टाकलं होतं आणि जेवणासाठी एका शेतकऱ्याकडे डुक्कर सांगून ठेवलं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका गुरुवारी दुपारी रॉक्सी सहीचे कागद भरायला बसली. तिच्या स्वतःच्या लायसन्सच्या तारखा लागत होत्या, म्हणून तिने मंडळाच्या संकेतस्थळावर आपलं नाव शोधलं. तिथे दोन वर्षांपूर्वीच्या दोन ओळी होत्या. मुदत संपली, एकतीस मार्च. नूतनीकरण, सोळा जून. मधल्या दिवसांच्या पुढे काहीच नव्हतं.

तिने कॅलेंडर काढून बोटाने मोजलं. अकरा आठवडे. त्या अकरा आठवड्यांत तिच्याकडे लायसन्सच नव्हतं, आणि लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाताखाली केलेला एकही तास धरला जात नाही. गाओनूचे दोनशे चौसष्ट तास गेले होते. आणि ते भरून काढायला जो वेळ लागेल तेवढ्यात मागचे जुने तास एकेका महिन्याने गळत जाणार होते. तळाशी चीर गेलेल्या घागरीत पाणी ओतावं तसं.

ती डेनीसकडे गेली. डेनीसने दार लावून घेतलं.

"हे बघ," डेनीस म्हणाली, "तिकडे तारखा पडताळत कोण बसलंय? हजारो अर्ज असतात. तू सही कर."

"आणि पडताळल्या तर?"

"तर तू विसरलीस. नवरा गेला होता तुझा. कुणीही समजून घेईल."

"मला घेतील. तिचं काय? मिळालेलं लायसन्स परत घेतात, डेनीस. तेव्हा तिच्याकडे येणारी कुटुंबं असतील."

"मग मी काय करू म्हणतेस? या क्लिनिकलाही ते निस्तरावं लागेल. त्या आठवड्यांत तूही माणसं पाहिलीस."

"हो. तेही कळवायचंय."

डेनीसने चष्मा काढून डोळे चोळले. "तुझं नेहमी असंच," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत थांब. विचार कर."

रॉक्सी थांबली, आणि ही गोष्ट तिने पुढे कधी लपवली नाही. शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला. डेनीस म्हणते तसं केलं तर काय होईल याचा तिने खरोखर विचार केला. कागद टेबलावर होते, पेन होतं. सोमवारी ती गाओनूला पॅसेजमध्ये भेटली. गाओनू म्हणाली, "मिस रॉक्सी, सही झाली की सांगा हं, सासूबाई रोज विचारतात." रॉक्सी "हो" म्हणाली. त्या 'हो'मुळे तिला रात्रभर झोप लागली नाही.

मंगळवारी सकाळी तिने गाओनूला खोलीत बोलावलं, समोर बसवलं आणि एका दमात सांगितलं. कारणं आधी नाही, आधी काय झालं ते. मुदत कधी संपली, किती तास गेले, अर्ज आता करता येणार नाही. "चूक माझी आहे, पूर्ण माझी. तुझ्या नोंदींत काही खोट नाही."

गाओनूने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज मंगळवार आहे."

"हो."

"काल मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. आणि मी खोटं बोलले."

बाहेर पार्किंगमध्ये माळी पाचोळा उडवत होता, त्याच्या यंत्राचा आवाज येत होता. तो थांबल्यावर गाओनू म्हणाली, "त्या एप्रिलमध्ये माझा धाकटा सारखा खोकत होता. मी त्याला सासूबाईंच्या मांडीवर देऊन इथे यायची. तुमच्या नवऱ्याचं झालं होतं म्हणून तुमच्यावर भार नको, असं म्हणून जास्तीची दोन कुटुंबं घेतली. तीच मोजली जाणार नाहीत."

"नाही जाणार."

"मला आता काही समजून घ्यायचं नाहीये, मिस रॉक्सी. मला राग आलाय."

"येऊ दे," रॉक्सी म्हणाली.

"तुम्ही त्यालाही परवानगी देऊ नका," गाओनू म्हणाली आणि उठून गेली.

रॉक्सीने त्याच दुपारी मंडळाला पत्र लिहिलं. लेखी ताकीद आली, दंड झाला, आणि एक वर्ष कुणालाही हाताखाली घ्यायचं नाही असा हुकूम झाला. सुपरव्हायझरांचा अभ्यासवर्ग पुन्हा करायचा होता. त्या वर्गात ती सगळ्यांत म्हातारी होती. शिकवणाऱ्या मुलीने पहिल्या दिवशी विचारलं, "तुम्ही नव्याने सुरू करताय वाटतं?" रॉक्सी म्हणाली, "तसंच म्हणायचं." क्लिनिकला त्या आठवड्यांच्या बिलांबद्दल विमा कंपन्यांना पत्रं लिहावी लागली. डेनीस तिच्याशी तीन आठवडे फक्त कामापुरतं बोलली.

गाओनूला क्लिनिकने दुसरा सुपरव्हायझर दिला, बेकर्सफील्डहून आठवड्यातून दोनदा येणारा एक तरुण. त्याला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं. रॉक्सीने विचारलं, "पाच वर्षांच्या माझ्या टिपणवह्या देऊ का त्याला?" गाओनू म्हणाली, "त्याला माझ्याबद्दल जे कळायला हवं ते मी सांगीन." तिने शनिवारही घ्यायला सुरुवात केली. घागरीत पाणी भरण्याचा वेग गळण्याच्या वेगापेक्षा जरासाच जास्त होता. सप्टेंबरात पन्नास तास गळले, ऑक्टोबरात चाळीस. घरी सासूबाईंनी आधी कपाळावर हात मारला, मग डुक्कर रद्द केलं, आणि मग, गाओनूने पुढे सांगितलं, शनिवारी सकाळी मुलांना काही न बोलता स्वतःच्या घरी न्यायला लागल्या. "त्यांनी विचारलंच नाही कधी संपणार," ती म्हणाली. "पहिल्यांदा."

अकरा आठवड्यांच्या जागी साडेपाच महिने लागले. जानेवारीत अर्ज गेला, मे महिन्यात ती परीक्षा पास झाली. जूनमध्ये मुआंच्या घरी मोठं जेवण झालं, दीडशे माणसं आली, तो तरुण सुपरव्हायझरही होता. रॉक्सीला बोलावणं नव्हतं. तिने त्याबद्दल कुणाजवळ काही बोलून दाखवलं नाही. फक्त त्या शनिवारी ती फाउलरला जाऊन आईवडिलांच्या आणि वहानच्या थडग्यांवरचं गवत काढून आली आणि येताना बेकरीतून जास्तीचा पाव घेऊन आली, जो तिला एकटीला संपवता आला नाही.

तिचं वर्ष संपलं तेव्हा क्लिनिकने तिला पुन्हा दोन नवीन माणसं दिली. पहिल्या बैठकीत तिने त्यांना मंडळाच्या संकेतस्थळावर तिचं स्वतःचं नाव शोधायला लावलं. "ही तारीख बघा. दर तीन महिन्यांनी पुन्हा बघायची, मला न विचारता. माझ्यावर विश्वास ठेवायचा तो बाकीच्या बाबतीत." एका मुलाने विचारलं, "कुणी केलं होतं का असं?" "मी," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं, सोमवारच्या 'हो'सकट. डेनीसला वाटायचं हे दर वेळी उगाळायची काही गरज नाही. रॉक्सी म्हणायची, "त्यांना चूक कळण्यापेक्षा ते चार दिवस कळायला हवेत. चूक काय, कुणाकडूनही होते."

गाओनू क्लिनिकमध्येच राहिली. दोघी एकमेकींशी नीट बोलत, कामाचं बोलत. पार्किंगमध्ये भेटल्या तर थांबत. पूर्वीची ती दहा मिनिटं परत आली नाहीत. एकदा, पुढच्या वर्षी, जेवणाच्या खोलीत दोघीच होत्या. गाओनू डब्यातला चिकट भात बोटांनी गोळा करत म्हणाली, "मी अजून थोडी रागावलेली आहे. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

"बरं झालं सांगितलंस."

"बरंच कमी झालंय."

"मोजतेस का?"

"नाही," गाओनू म्हणाली. "मोजून झालंय माझं पुष्कळ." आणि तिने डबा रॉक्सीकडे सरकवला. रॉक्सीने थोडा भात घेतला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी गाओनूचा फोन आला. मुआ कुळातल्या वडीलधाऱ्यांपुढे एका तरुण जोडप्याचं भांडण आलं होतं आणि त्यांनी पहिल्यांदाच तिला सोबत बसायला बोलावलं होतं. ते जोडपं तिच्या लांबच्या नात्यातलं. तिथे जायचं ते समुपदेशक म्हणून की घरची सून म्हणून, की जायचंच नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. रॉक्सी म्हणाली, जाऊ नकोस, दोन टोप्या एका डोक्यावर बसत नाहीत, नियमही तेच सांगतो. गाओनू म्हणाली, नियम तिलाही पाठ आहे, पण तिथे ती गेली नाही तर त्या मुलीच्या बाजूने ऐकायला एकही बाई नसेल. चाळीस मिनिटं दोघी वाद घालत होत्या. शेवटी गाओनू म्हणाली, "मी जाणार, पण सून म्हणून. तसं आधी सगळ्यांसमोर सांगणार. आणि त्या मुलीला समुपदेशक हवी असेल तर दुसरीचं नाव देणार."

सोमवारी रॉक्सीने डेनीसला कॉफी ओतता ओतता ही हकीकत सांगितली.

"म्हणजे तिने तुझं ऐकलं नाही," डेनीस म्हणाली.

"नाही ऐकलं. आणि तिचंच बरोबर होतं," रॉक्सी म्हणाली. मग घड्याळ पाहून तिने कप उचलला. नऊची बैठक होती, नवी दोघंजणं बाहेर येऊन बसली होती.